बॉबिट वर्म: व्हिडिओत दिसतो जबडा, ओळख पटते ती रोमांवरून

रात्रीचा समुद्रतळ, टॉर्चचा उजेड. वाळूतून पाच पट्टेरी मिशा वर आलेल्या आणि त्यांच्याखाली सताड उघडा जबडा. एक मासा जवळून जातो, मिशीला त्याचा धक्का लागतो आणि पुढच्याच क्षणी वाळूचा लोट उडतो. मासा दिसेनासा होतो. बॉबिट वर्म नावाच्या समुद्री कृमीचा हा व्हिडिओ दर काही महिन्यांनी नव्या मथळ्यासह फोनवर येऊन पडतो. कुठे त्याला समुद्री साप म्हटलेलं असतं, कुठे गोम, तर कुठे ‘मेंदू नसलेला तीन मीटरचा राक्षस’.

दृश्य खरं असतं, प्राणीही खरा असतो. गडबड मथळ्यात आहे, आणि ती केवळ अतिशयोक्तीची नाही. उघडा जबडा आणि अंगाची झळाळी पाहून हा प्राणी नेमका कोणत्या जातीचा, हे मुरलेल्या अभ्यासकालाही सांगता येत नाही. त्यासाठी त्याच्या अंगाच्या बाजूंनी बाहेर आलेले बारीक राठ केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. हे असं का, ते कळायचं तर आधी या प्राण्याचं शरीर नीट बघायला हवं.

## गांडुळाचा हा कोण?

पावसाळ्यात अंगणात आलेलं एखादं गांडूळ हलक्या हाताने धरा आणि त्याच्या पोटाच्या बाजूने शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा. बोटाला किंचित खरखर लागते. ती खरखर म्हणजे कायटिन नावाच्या टणक द्रव्याचे आखूड, ताठ केस. मराठी प्राणिशास्त्रात त्यांना दृढरोम म्हणतात. पुढे मी त्यांना नुसते रोम म्हणेन.

गांडूळ, जळू आणि समुद्रातले हजारो कृमी मिळून वलयी प्राण्यांचा संघ होतो. वलय म्हणजे अंगावर वरून दिसणारं कडं एवढंच नाही. आतमध्येही प्रत्येक वलयात स्नायू, मज्जातंतूंची गाठ, उत्सर्जनाच्या नळ्या असा संच पुन्हा पुन्हा येतो. समुद्रातल्या बहुतेक वलयी प्राण्यांमध्ये वलयाच्या दोन्ही बाजूंना मांसल उंचवटे असतात. त्यांना पार्श्वपाद म्हणतात, आणि रोमांचे झुबके या पार्श्वपादांतून बाहेर येतात. भरपूर रोम असलेल्या या प्राण्यांना पॉलिकीट असं नाव पडलं. त्यांच्या १० हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्यांना त्यातला नेरीस तरी आठवत असेल.

बॉबिट वर्म हा असाच एक पॉलिकीट. त्याचं शास्त्रीय नाव युनिस ॲफ्रोडायटॉइस. जर्मनीत जन्मलेले आणि रशियात काम केलेले निसर्ग-अभ्यासक पीटर सायमन पल्लास यांनी १७८८ मध्ये श्रीलंकेच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं आणि त्याला नेरीस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात (इंग्रजीत जीनस), टाकलं. पुढे १८१७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी युनिस ही वेगळी प्रजाती केली आणि तो तिथे गेला.

‘बॉबिट’ हे टोपणनाव मात्र अगदी अलीकडचं, १९९०च्या दशकातलं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत एका बाईने नवऱ्याचं लिंग कापल्याचं प्रकरण खूप गाजलं; त्या दांपत्याच्या आडनावावरून ते आलं. त्यामुळे मादी नराचं लिंग तोडते अशी एक कथाही या नावासोबत फिरते. ती साफ खोटी आहे, कारण या कृमीच्या नराला लिंगच नसतं. नर आणि मादी आपापली शुक्रबीजं आणि अंडी समुद्राच्या पाण्यात सोडतात आणि फलन तिथेच होतं.

## डोक्याकडून शेपटीकडे

डोक्याच्या पुढच्या गोलसर भागावर पाच मिशा असतात. त्यांवर गडद आणि फिकट पट्टे दिसतात. शिकार जवळ आल्याचं या कृमीला कळतं ते मुख्यतः यांच्यामुळे. पाण्यातली हालचाल, स्पर्श आणि बहुधा रासायनिक खुणाही त्या टिपतात.

डोक्यामागे दोन वलयं अशी असतात की त्यांना ना पार्श्वपाद ना रोम. त्यांतल्या दुसऱ्या वलयाच्या पाठीवर दोन बारीक तंतू असतात. किरकोळ वाटणारी ही जोडी अभ्यासकाच्या फार कामाची आहे. युनिस प्रजातीत हे तंतू असतात आणि तिच्या जवळच्या मार्फिसा प्रजातीत नसतात. मिशा पाचाऐवजी तीनच आहेत आणि कल्ले नाहीत, असं दिसलं तर तो प्राणी लायसिडिस प्रजातीतला असण्याची शक्यता मोठी. एवढी पाहणी साध्या भिंगाखालीही होते.

त्यापुढे शेकडो वलयं. डोक्यामागच्या काही वलयांनंतर पार्श्वपादांच्या वर लाल कल्ले सुरू होतात. ते लाल दिसतात कारण त्यातून रक्त फिरत असतं, आणि आपल्यासारखंच त्यातही हिमोग्लोबिन असतं. कल्ले कितव्या वलयापासून सुरू होतात, कितव्या वलयाला संपतात आणि एका कल्ल्याला किती तंतू फुटतात, हे सगळं मोजून लिहायचं असतं.

अंगावर इंद्रधनुषी झळाळी दिसते ती रंगद्रव्याची नाही. कातडीवरच्या पातळ आवरणात कोलॅजनच्या तंतूंचे थर असतात आणि त्यांच्या रचनेमुळे प्रकाशाचे रंग वेगळे होतात. ही झळाळी या गटातल्या कितीतरी कृमींवर असते, म्हणून ती ओळखीची खूण ठरत नाही.

आणि आता रोम. एका पार्श्वपादात ते एकाच प्रकारचे नसतात. काही लांब आणि टोकाला निमुळते, काहींच्या टोकाला फणीसारखे बारीक दाते, तर काहींना मध्ये सांधा आणि पुढे गळासारखा आकडा. पार्श्वपादाच्या आत, त्याला आधार देणारी जाड सळई असते. तिच्या खालच्या बाजूने, शरीराच्या मागच्या भागात, आणखी एक आकडा बाहेर येतो. हा आकडा काळा आहे की पिवळा, त्याच्या टोकाला दोन दाते आहेत की तीन, तो कितव्या वलयापासून सुरू होतो, या गोष्टींवर युनिस प्रजातीतल्या जातींची गटवारी गेली कित्येक दशकं उभी आहे. वाळूतल्या बिळात हा प्राणी स्वतःला रोवून धरतो तेही रोमांच्या जोरावर. मासा ओढून धडपडत असला तरी तो बिळातून सहज बाहेर खेचला जात नाही.

## तो जबडा म्हणजे नेमकं काय?

जबडा हा शब्द ऐकला की आपल्या मनात वर-खाली उघडणारं, कवटीला जोडलेलं हाड येतं. इथे कवटीही नाही आणि हाडही नाही. एरवी जबडा घशातल्या स्नायूंच्या पिशवीत मिटलेला असतो. हल्ल्याची तयारी करताना घशाचा हा भाग तोंडातून बाहेर येतो आणि जबडा डाव्या-उजव्या बाजूंना फाकतो. व्हिडिओत जी कात्रीसारखी पाती दिसतात ती वरच्या जबड्याची पहिली जोडी.

तिच्यामागे आणखी पट्ट्या असतात. दुसऱ्या जोडीला दातांच्या रांगा असतात. तिसरी पट्टी मात्र फक्त डाव्या बाजूला असते, उजवीकडे तिची जोडीदारच नसते. चौथी पुन्हा जोडीने. आणि खाली, वेगळाच, चुनखडीयुक्त असा खालचा जबडा. अभ्यासक वरच्या जबड्याचे दात ‘डावे अधिक उजवे’ असे लिहितात आणि तिसऱ्या पट्टीच्या उजवीकडे शून्य मांडतात. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेल्या या शरीरात तोंडाच्या आत हा असमतोल पिढ्यानपिढ्या टिकून आहे. मला या सगळ्या प्राण्यात सर्वांत वेधक वाटलेली गोष्ट हीच, आणि ती कोणत्याही व्हिडिओत दिसत नाही.

मऊ शरीर मेल्यावर कुजून जातं, जबडे मात्र खडकात टिकतात. कॅनडात मिळालेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच एका कृमीच्या जबड्यांचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते एक सेंटिमीटरहून मोठे आहेत. बहुतेक जीवाश्म कृमींचे जबडे काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. तैवानच्या ईशान्य भागात तर सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात दोन मीटर लांबीची, इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली बिळं सापडली. त्यांच्या वरच्या टोकाभोवती वाळू पुन्हा पुन्हा खचल्याच्या खुणा आहेत. शिकार आत ओढताना असंच होतं. ही बिळं बॉबिट वर्मसारख्या दबा धरणाऱ्या कृमींची असावीत, असं २०२१ मध्ये अभ्यासकांनी मांडलं.

## ‘मेंदू नाही, डोळे नाहीत’ हे खरं का?

नाही. डोक्याच्या पुढच्या भागात मेंदू असतो. तो लहान आणि साधा असला तरी असतो, आणि तिथून निघालेली मज्जारज्जू पोटाच्या बाजूने शेपटीपर्यंत जाते. युनिस प्रजातीत डोळ्यांची एक जोडीही असते. त्यांना आपल्यासारखं चित्र दिसत नसणार, पण ‘डोळे नाहीत’ हे म्हणणं चूकच.

हा प्राणी अजिंक्य आहे, असाही व्हिडिओंचा सूर असतो. इंडोनेशियाच्या लेंबे सामुद्रधुनीत केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळं सांगतो. तिथे एखाद्या माशावर बॉबिट वर्मने झडप घातली, की त्या जातीचे आसपासचे मासे बिळाजवळ जमतात आणि तोंडाने पाण्याचे झोत थेट बिळावर मारतात. कृमी आत सरकतो. लपून राहण्यावरच त्याची शिकार अवलंबून असल्याने, जागा उघड झाली की त्याची बाजू लंगडी पडते.

## वर्गीकरण इतकं बदलतं का राहतं?

पुस्तकातला पत्ता असा असतो: संघ वलयी प्राणी, वर्ग पॉलिकीटा, गण युनिसिडा, कुल युनिसिडी, प्रजाती युनिस, जाती ॲफ्रोडायटॉइस. जाती या पायरीवर पुढे येऊच. त्याआधी वर्ग या पायरीवर मोठी उलथापालथ झाली आहे, ती बघू.

जुन्या पद्धतीत पॉलिकीट हा एक वर्ग, आणि गांडूळ-जळू यांचा वेगळा गट असं मानत. भरपूर रोम असलेले एकीकडे, कमी किंवा अजिबात नसलेले दुसरीकडे. २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने शेकडो जनुकांची तुलना केली. त्यातून दिसलं की गांडूळ आणि जळू हे पॉलिकीटांच्याच एका शाखेतून फुटले आहेत. म्हणजे काही पॉलिकीटांचं नातं इतर पॉलिकीटांपेक्षा गांडुळाशी जास्त जवळचं आहे.

समजा, कोकणातल्या एका घराण्याची एक पाती चार पिढ्यांपूर्वी मुंबईला गेली, तिने चाकरी धरली आणि आडनावही बदललं. गावात राहिलेल्या घरांची यादी कुणी केली तर ती ग्रामपंचायतीला उपयोगी पडेल. पण तिला त्या घराण्याची वंशावळ म्हणता येणार नाही, कारण एक अख्खी पाती तिच्यातून गळलेली आहे, आणि गावातल्या काही घरांचे सख्खे चुलते नेमके त्याच पातीत आहेत. पॉलिकीटा हा वर्ग आता तशा यादीसारखा उरला आहे. नाव सोयीचं आहे, म्हणून वापरात राहतं. नातं सांगताना मात्र अभ्यासक इरँशिया आणि सेडेन्टारिया अशा दोन मोठ्या शाखा धरतात. बॉबिट वर्म पहिल्या शाखेत येतो आणि गांडूळ दुसऱ्या.

यावर शंका निघते. इरँशिया म्हणजे भटके, तर मग एकाच बिळात दबा धरून बसणारा हा प्राणी त्यांच्यात कसा? जुनी विभागणी राहणीवर केलेली होती, नवी वंशावर केली आहे. नावं जुनीच ठेवली. एखादी जात बिळात स्थिरावली म्हणून तिचे पूर्वज बदलत नाहीत.

## तीन मीटर लांबीचं काय?

तेवढा लांब कृमी खरोखर मिळालेला आहे. जपानमधल्या शिराहामा इथे मासे ठेवण्याच्या तराफ्यात सापडलेल्या एका नमुन्याची नोंद २००९ मध्ये झाली: लांबी २९९ सेंटिमीटर, वजन ४३३ ग्रॅम, वलयं ६७३. पण तो त्या शोधलेखाच्या शीर्षकातच ‘असाधारण मोठा’ म्हणून नोंदला गेला. नेहमी दिसणारे याहून बरेच लहान असतात. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूके इथल्या ॲक्वेरियममध्ये सुमारे चार फुटांचा एक कृमी प्रवाळ कुरतडताना सापडला, त्याचीही बातमी झाली. प्रवाळाच्या दगडातून बारीक असताना असे कृमी टाकीत येतात आणि नकळत वाढत राहतात. मात्र ॲक्वेरियमवाले ज्याला सरसकट बॉबिट म्हणतात तो कित्येकदा युनिस प्रजातीतली दुसरी एखादी जात असते.

## एकच जात सगळ्या जगात?

खरी अडचण इथे आहे. युनिस ॲफ्रोडायटॉइस या नावाने हिंदी महासागर, पॅसिफिक, एवढंच काय, अटलांटिकमधूनही नोंदी आहेत. श्रीलंकेच्या नमुन्याला दिलेलं नाव गेल्या दोन शतकांत कुठेही मोठा, झळाळता, पाच मिशांचा कृमी मिळाला की त्याला चिकटवलं गेलं. काही ठिकाणी तर स्थानिक अभ्यासकांनी दिलेली वेगळी नावं नंतरच्या लोकांनी ‘हे तेच’ म्हणून या नावात विलीन करून टाकली.

असं व्हायचं एक साधं कारण शरीरातच आहे. हे प्राणी आयुष्यभर वाढत जातात. शेपटीच्या अलीकडे नवीन वलयं तयार होत राहतात, कल्ल्यांचे तंतू वाढतात, दातांची संख्याही बदलते. त्यामुळे एकाच जातीतला लहान आणि मोठा प्राणी वेगळे दिसतात, आणि दोन वेगळ्या जातींचे सारख्या आकाराचे प्राणी एकसारखे. जुन्या काळी दोन-चार ओळींचं वर्णन पुरेसं वाटायचं. त्यात मागच्या आकड्यांचा उल्लेखच नसे, आणि पुष्कळ नमुन्यांचा मागचा भाग गोळा करताना तुटून बिळातच राहिलेला असे.

शेजारच्या मार्फिसा प्रजातीत याचा उलगडा आधी झाला. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णन झालेली मार्फिसा सॅन्ग्विनिया ही जात जगभर असल्याचं मानलं जाई. मासेमारीत आमिष म्हणून ती वापरतात, त्यामुळे नोंदी भरपूर होत्या. २००३ मध्ये इंग्लंडचा प्रमाण नमुना (जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो) नव्याने ठरवून ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याशी ताडून पाहिला, तेव्हा ऑस्ट्रेलियातली जात निराळी निघाली. त्यानंतर आशिया आणि इतर ठिकाणांहूनही अशा निराळ्या जाती एकामागोमाग वेगळ्या होत गेल्या. बॉबिट वर्मच्या बाबतीत असंच होईल असं मला वाटतं. एवढ्या वेगवेगळ्या समुद्रांत एकच जात असणं पटण्यासारखं नाही.

## नाव बदललं तर आपल्याला काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आधी जाणवतो. जहाजांच्या बुडाला चिकटून, त्यांच्या टाक्यांतल्या पाण्यातून, जिवंत आमिषाच्या आणि ॲक्वेरियमच्या व्यापारातून समुद्री कृमी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचतात. एखादी जात ‘जगभर असतेच’ असं गृहीत धरलं की परका प्राणी आला तरी त्याला परका म्हणून कुणी ओळखत नाही. उलट, केवळ एकाच किनाऱ्यावर राहणारी जात संपत आली तरी यादीत ती जगभर सुखरूप दिसत राहते.

भारतातल्या पॉलिकीटांची ओळख पटवताना आजही फ्रेंच अभ्यासक पिएर फोव्हेल यांच्या १९५३च्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो. काम प्रचंड आहे, त्याबद्दल आदरच वाटतो. पण त्या काळची धारणाच अशी होती की युरोपात वर्णन झालेली जात भारतातही असणार. त्यामुळे आपल्याकडच्या याद्यांमधली अनेक युरोपीय नावं आता पुन्हा तपासायला हवी आहेत.

## कोकणात कोण दिसतं? धोका आहे का?

बॉबिट वर्मचा एक जवळचा नातलग तुम्ही पाहिलेला असू शकतो. ओहोटीला ओल्या पुळणीवर चालताना वाळूतून बोटभर वर आलेली, शिंपल्यांचे तुकडे आणि कचरा चिकटवलेली नळी दिसते. ती डायोपेट्रा या कृमीची. तोही युनिसिडा गणातला, त्यालाही पाच मिशा आणि त्याच पद्धतीचा अनेक पट्ट्यांचा जबडा. त्याच्या लाल कल्ल्यांचे तंतू मळसूत्रासारखे फिरत गेलेले असतात. नळी उपटली तर वरचा भाग हातात येतो, प्राणी खोल सरकतो.

मोठ्या युनिसचा जबडा बोटाला चावू शकतो, म्हणून प्रवाळाच्या दगडांच्या फटीत बोट घालू नये. काही समुद्री कृमींना हात लागला की आग होते, ते मात्र वेगळ्या कुलातले. त्यांचे रोम चुन्याचे आणि ठिसूळ असतात, कातडीत घुसून मोडतात. बॉबिट वर्मच्या नावावर ती आग टाकली जाते, पण ते कुल निराळं.

## मग याचा निकाल कसा लागणार?

जनुकं तपासून. पण संग्रहालयांतल्या बऱ्याच जुन्या नमुन्यांवर फॉर्मलिनची प्रक्रिया झालेली आहे. फॉर्मलिन शरीराचा आकार छान टिकवतं आणि डीएनए खराब करतं. म्हणून ज्या श्रीलंकेच्या समुद्रातून पल्लास यांचा नमुना आला, तिथूनच ताजा प्राणी अल्कोहोलमध्ये जपून आणावा लागतो, शेपटीसकट. त्याचे रोम, आकडे, दात, कल्ले मोजून नवं सविस्तर वर्णन करायचं, सोबत डीएनए नोंदवायचा आणि मग जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, भारत इथले प्राणी त्याच्याशी ताडायचे. जे जुळतील ते युनिस ॲफ्रोडायटॉइस. जे जुळणार नाहीत त्या सगळ्यांना कोरं नाव मिळेलच असं नाही. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा की आधी दिलेलं वैध नाव आधी. तेव्हा स्थानिक अभ्यासकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दिलेली आणि पुढे ‘हे तेच’ म्हणून खोडलेली काही नावं पुन्हा वापरात येतील.